आण्णांना पत्र, आईविषयी

ती. आण्णांना सा. न.

फोन केला की तुम्ही "बरं आहे, जेवलो" एवढं बोलून ठेवून देता, आणि माझ्याही तोंडून पुढचं काही निघत नाही. म्हणून आज लिहायला बसले.

दहाव्याला जो तो आई किती प्रेमळ होती तेच सांगत होता. खोटं नाही ते, पण तेवढ्यात आई मावत नाही. आई कडक होती. तिची नजर मोजणारी होती. लग्नकार्यात कुणाच्या कडेवर पोर दिसलं की तिचा हात आधी त्याच्या दंडावर जायचा. लोकांना वाटायचं, लाड करतेय. मग ती दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरायची आणि उचलल्यावर खळगा राहतोय का ते बघायची. सूज आलेलं बाळ गुटगुटीत दिसतं, घरचे खूश असतात, म्हणून तिथंच जास्त बघायचं, हे तिनं मला मी शाळेत असताना शिकवलं. पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी दंडघेराची पट्टी कायम. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे पोर तीव्र कुपोषित. माझ्या लेकीच्या बारशाला आली तेव्हाही ती पट्टी सोबत होती.

परवा मामा बराच वेळ बोलत होते. बहात्तरच्या दुष्काळात आई दहा वर्षांची. आजी पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, आणि कडेवरच्या मामाला सांभाळायला आई बरोबर. घरात मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, कामावर सुकडी हा सरकारी पौष्टिक खाऊ मिळायचा. आई आपल्या वाट्याची सुकडी आधी मामाच्या तोंडात घालायची आणि तो गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. "मी तोंडात धरून ठेवली तर गाल दाबायची," असं सांगताना मामांना बोलवेना. आईनं हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं का, आण्णा?

ते ऐकलं आणि मला अंगणवाडीतली आई कळली. योजना 1975 ची. आपल्या वाडीपर्यंत यायला बरीच वर्षं गेली, पण आली तेव्हा आईनं ती धरली ती शेवटपर्यंत. बाकीच्या सेविकाही जीव लावून काम करायच्या, पण आई खिचडी वाटून रजिस्टर भरायला बसली असं कधी झालं नाही. वाटी रिकामी झालेली बघायची, मग रजिस्टर. तुळईला टांगलेल्या काट्याच्या झोळीत पोर रडायला लागलं की त्याला दोन शब्द बोलून शांत करायची, पण काटा स्थिर झाल्याशिवाय वजन लिहायची नाही. अंदाजानं आकडा टाकणं तिला चोरीसारखं वाटायचं.

2012-13 ला पाऊस गेला तेव्हा निम्मी वाडी जनावरं घेऊन म्हसवडकडच्या चारा छावणीवर राहायला गेली. अंगणवाडीत पोरं उरली नाहीत. आई पट्टी आणि वही घेऊन छावणीवर. बहात्तरला पोटाला नव्हतं, या खेपेला प्यायला पाणी नव्हतं, आणि टँकरच्या पाण्यानं पोरांना जुलाब लागले तर महिन्याभराचं वाढलेलं वजन चार दिवसांत जातं, असं म्हणायची. ओढणीत ओआरएसच्या पुड्या बांधून नेलेली ती मला अजून दिसते.

आणि 2023 च्या डिसेंबरातला संप. मानधन म्हणजे पगार नव्हे, हे ऐकत तिचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे ती संपात पहिल्या दिवसापासून होती. साताऱ्याच्या मोर्चातला तिचा आवाज मी व्हिडिओत ओळखला. पण संध्याकाळी घरी आली की लाल शेऱ्याच्या पोरांच्या दारात शेंगदाण्याचे लाडू घेऊन हजर. ते शेंगदाणे तुम्ही भाजायचात, आण्णा. चुलीपुढे बसून, एकही दाणा करपू न देता. दहाव्याला तुमच्याबद्दल कुणी काही बोललं नाही, पण आईच्या कामात तुमचा हात किती होता ते मला माहीत आहे. ती उन्हातान्हात वाड्यावस्त्या फिरली, कारण घर आणि म्हशी तुम्ही ओढलंत, आणि बायको मीटिंगला जाते म्हणून कुणी काही बोललं तर तिच्या आधी तुम्ही उत्तर दिलंत.

आता तुमचं. बीपीची गोळी सकाळी भाकरी खाल्ल्यावर, उपाशीपोटी नाही. आई हातावर ठेवून समोर उभी राहायची, तशी आता कुणी राहत नाही, म्हणून मदतनीस मावशींशी मी बोलले आहे. दुपारी अंगणवाडी सुटली की त्या तुमचं ताट आणतील. नको म्हणू नका, त्यांनाही आईची आठवण काढायला जागा हवी आहे.

वर्षश्राद्धाला पै-पाहुण्यांचं जेवण आटोपशीर ठेवू आणि वाडीतल्या सगळ्या पोरांना लाडू करू, असं माझ्या मनात आहे. गूळ मी आणते, शेंगदाणे तुम्ही भाजा. पटत असेल तर मामांनाही सांगा आणि मला कळवा.

तुमची,
थोरली