आईच्या नावाचं कार्ड

ठाणे, 14 मे

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर सांगायला गेले की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई रडायला लागते, म्हणून लिहिते आहे. रत्नागिरीतली जागा मी घेतली. भाड्याने, जून ते सप्टेंबर. डिपॉझिटही भरलं. तुम्हाला आधी विचारलं नाही, ते चुकलंच माझं. पण विचारलं असतं तर गेल्या वर्षीसारखंच झालं असतं. बाबा, पाणंदीत तुम्ही पडलात, त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. घर सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. गणपतीला आपण सगळे घरीच. तोवर काकू रोज देवाजवळ दिवा लावेल, तिनेच आपणहून सांगितलं.

जागा तळमजल्यावर आहे. कमोड आहे, शेजारी धरायला दांडी बसवून घेतली. आईचा आंबोळ्यांचा बिडाचा तवा आणि बाबांची आरामखुर्ची टेम्पोतून येईल. स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे, आई. अंधार नाही.

आता बाबा म्हणतील, चार भिंतींत दिवसभर करू काय? जागा बघताना मी तोच विचार केला. नगर वाचनालय रिक्षाने पाच मिनिटांवर आहे. तुम्हीच मला एसटीने तिथे न्यायचात आणि वाटेत सांगायचात, हे 1828 सालचं, टिळकांच्या जन्माआधी 28 वर्षं सुरू झालेलं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणलं 1886मध्ये, तेव्हा हे 58 वर्षांचं होतं. ही वजाबाकी तुम्ही माझ्याकडून तोंडी करून घ्यायचात.

पुस्तक हातात आलं की तुम्ही आधी शेवटचं पान उघडायचात. तिथे चिकटवलेल्या चिठ्ठीवर जांभळ्या शिक्क्यांच्या तारखा, काही सरळ, काही तिरक्या. एकदा एका पुस्तकावरचा शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा निघाला. "बिचारं वाट बघत होतं," म्हणालात आणि तेच घेतलंत. मी अजून आधी शेवटचं पान बघते.

इथे रविवारी मी मराठी ग्रंथ संग्रहालयात जाते, तेही 1893चं. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी एक आजोबा रोज येतात. अग्रलेखाचं पान दुसऱ्या कुणाकडे असलं तर हात मांडीवर ठेवून शांत बसून राहतात, मागत नाहीत. पान रिकामं झालं की तो माणूस न बोलता त्यांच्याकडे सरकवतो. त्यांना बघितलं की मला तुम्ही आठवता. पावसात आपल्याकडे पेपर दुपारी येतो, कधी येतच नाही, लाईट गेली की टीव्हीही बंद. तिथे सकाळी सगळे पेपर समोर असतील, आणि वाचलेल्यावर बोलायला तुमच्या वयाची माणसं. गेल्या पावसाळ्यात आईशिवाय तुम्ही कुणाशी बोललात, सांगा बरं?

आई, तुला वाटेल हे सगळं बाबांसाठीच चाललंय. तसं नाही गं. तुझं कार्ड वेगळं काढायचं. इतकी वर्षं बाबांनी आणलेलं तू वाचलंस, तेही परत करायच्या आदल्या रात्री, चुलीपुढे पाटावर बसून. मी माजघरातून बघायचे. भात उतू गेला तरी तुला कळायचं नाही, आणि आजीचं बोलणं तू मुकाट्याने ऐकून घ्यायचीस. तू स्वतः कपाटापुढे उभी राहून, चार पुस्तकं चाळून, तीन परत ठेवून एक उचलते आहेस, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. ते मला बघायचं आहे. बाबा, तिच्याऐवजी तुम्ही निवडायचं नाही. ती पाकक्रियांचं घेवो नाहीतर प्रवासवर्णन, काही बोलायचं नाही. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी असेल, तीही दोघांच्या नावाने भरा. पैसे मी पाठवते.

आणि ऐका. रिक्षा दारापर्यंत बोलवायची, पाऊस थांबलाय म्हणून चालत निघायचं नाही. बीपीची गोळी खाऊनच बाहेर पडायचं. चष्म्याचा नंबर मे संपायच्या आत तपासून घ्या, दोघांनीही. आंब्याची शेवटची पेटी माझ्यासाठी ठेवू नका, तुम्ही खा.

30 तारखेला मी येते, सामान मीच बांधेन, तू माळ्यावर चढू नकोस. कार्डासाठी फोटो लागेल, आई. ती पिस्ता रंगाची साडी वर काढून ठेव.

तुमची,
माई