दोन हजार किलोमीटरचे कुलूप आणि आमचा उघडा ईमेल

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली यांस

सविनय नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा छोटा कारखाना चालवतो. यापुढे कागदपत्रे ईमेलवर मागवणार नाही, असा शब्द येथील एका सरकारी कार्यालयाने आम्हाला दोन वर्षांपूर्वी दिला होता. गेल्या मंगळवारी त्याच कार्यालयाचा ईमेल आला: आधार, पॅन व खातेउतारा दोन दिवसांत ईमेलने पाठवा, अन्यथा अनुदानाचा अर्ज निकाली काढू. सोबत ‘नमुना’ म्हणून दुसऱ्याच कारखानदाराची अख्खी फाइल जोडलेली होती, आडव्या रेघा मारलेल्या चेकसकट! उद्या माझी फाइल कोणाचा नमुना होईल, या विचाराने मला रात्रभर झोप नाही.

ईमेल वाटेत कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक लिपीत बंद असतो, असे आपले अधिकारी सांगतील. पण पुरेसा मोठा क्वांटम संगणक, म्हणजे अणूंच्या जगाच्या नियमांवर चालणारे यंत्र, आज वापरात असलेली आरएसएसारखी सांकेतिक कुलुपे फोडू शकेल, हे गणितज्ञ पीटर शोर यांच्या १९९४च्या गणितापासून जगाला ठाऊक आहे. चोराला आज काहीच फोडायचे नाही. ईमेल साठवून ठेवायचा आणि ते यंत्र येण्याची वाट पाहायची. टॉवेलची नक्षी दोन हंगामांत जुनी होते, ती खुशाल न्यावी. पॅन क्रमांक मात्र मला सरणावर जाईपर्यंत पुरवायचा आहे.

यावर तोड नाही, असेही नाही. मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही दाद न देण्यासाठी बनवलेल्या नव्या कुलुपांची तीन मानके जाहीर केली. त्याआधीच सिग्नल आणि आयमेसेज या मोबाइलवरच्या संदेशसेवांनी अशी कुलुपे बसवली होती. म्हणजे पोरांच्या गप्पा बंदोबस्तात, आणि आमचे खातेउतारे वाऱ्यावर.

सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. उपग्रहामार्फत दोन हजार किलोमीटरपर्यंत सुरक्षित संदेश धाडण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. अभिनंदन! रिक्षाने वीस मिनिटांवर असलेल्या कार्यालयापर्यंत माझा कागद सुरक्षित कधी पोहोचेल, तेवढे सांगावे. ते मिशन दुसऱ्या खात्याचे आहे, असे उत्तर कृपया पाठवू नये. खाती कोणाची हे शोधण्यातच आमची उमर गेली. या व्यवस्थेला आमचे कागद घेण्याची जेवढी घाई, तेवढीच ते सांभाळण्याची टाळाटाळ.

सरकारी ईमेलला नवी कुलुपे कोणत्या तारखेपर्यंत बसतील ते जाहीर करा, आणि तोवर ओळखीचे कागद ईमेलवर मागणे थांबवा.

मुदत टळू नये म्हणून मी झेरॉक्स हातोहात नेऊन दिल्या. कारकुनाने त्या माझ्यासमोर स्कॅन केल्या आणि ईमेलने पुढे धाडल्या.

आपला,
एक टॉवेल उत्पादक, सोलापूर