आजीचं अडलेलं दार

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आजीकडे त्या रात्री जमीन कशी हलली? जमीन तर घट्ट असते ना?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आजीच्या माजघराचं दार पावसाळ्यात फुगतं आणि चौकटीत अडतं. आपण रेटतो, ते हलत नाही. आणखी रेटतो, तरी नाही. मग एकदम धाडकन उघडतं आणि फडताळातली भांडी खणखणतात. भांड्यांना कुणी हातही लावलेला नसतो. दाराचा हादरा भिंतीतून त्यांच्यापर्यंत जातो.

जमिनीखाली असंच होतं. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. भारताचा भूपट्ट वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो. त्याच चौकटीवर दर वाढदिवसाला आपण तुझ्या उंचीची खूण करतो, त्या दोन खुणांत असतं जवळपास तेवढंच अंतर. तिकडे तो युरेशियाच्या भूपट्टाला भिडलाय, त्यातूनच हिमालय उभा राहिला. पण तो ताण तिथंच राहत नाही, पार आपल्या कोयनेच्या खोऱ्यापर्यंत पोचतो.

आणि इथं खाली जुन्या भेगा आहेत. इथल्या गोठणे गावाजवळ शास्त्रज्ञांनी 3 किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा पत्थर संपला आणि त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट लागला. ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकलेले असतात, तिला प्रस्तरभंग म्हणतात. या बाजू खडबडीत असतात, शिवाय वरून प्रचंड दाब. त्या अडून बसतात. रेटा मात्र चालूच. खडक आतल्या आत किंचित वाकतो, वर्षानुवर्षं ताण साठवतो आणि एका क्षणी पकड सुटते. जिथून घसरायला सुरुवात होते ती भूकंपाची नाभी. तिथून लाटा निघतात आणि आपण त्या फडताळातल्या भांड्यांसारखे हलतो.

11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी इथली पकड सुटली. आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. आधी जमिनीतून गाडी आल्यासारखा आवाज आला, एवढंच ती सांगते, पुढचं सांगत नाही. 6.3 तीव्रतेचा भूकंप होता तो. दगडामातीची घरं झोपलेल्यांवर कोसळली. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली.

कोयना धरणामुळे झाला का, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. 1962 च्या सुमारास धरणात पाणी साठायला लागलं आणि लहान धक्के जाणवू लागले. साठलेल्या पाण्याचं ओझं खालच्या खडकावर येतं. शिवाय भेगेत झिरपलेलं पाणी दोन्ही बाजूंना आतून लोटतं, त्यामुळे पकड सैल होते. दाराला पाणी अडवतं, खडकाला सोडवतं. हा उलटा हिशेब लक्षात ठेव. मात्र रेटा पाण्यानं आणलेला नाही, तो आधीपासून होता. पाण्यानं फक्त निमित्त दिलं. त्या परिसरात अजूनही लहान धक्के बसतात, तुला जाणवला तो त्यातलाच एक.

पुढचा मोठा कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. मोबाइलवर तारीख-वेळ घातलेला निरोप आला तर तो खोटा समज आणि मैत्रिणींनाही तसं सांग. वसतिगृहात हादरा जाणवला तर भक्कम टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं आणि थांबेपर्यंत टेबलाचा पाय सोडायचा नाही. जिन्याकडे पळायचं नाही. एवढं माझ्यासाठी कर.

आजी दाराला रंधा मारून घ्यायचं म्हणत होती. सई येईपर्यंत थांब, असं मी तिला सांगितलंय. आलीस की दार हळूहळू रेट आणि डोळे भांड्यांवर ठेव. पहिलं कुठलं भांडं वाजतं, ते मलाही बघायचंय.

तुझा,
बाबा