मनोरुग्णांच्या अनुदानाच्या अटी

महोदय,

निराधारांना दरमहा अनुदान देणाऱ्या राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाची अट आहे. 1995 च्या कायद्याप्रमाणे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही मानसिक आजार दिव्यांगत्वात धरला. कागदावर सगळे ठीक. पण स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) असलेला माणूस ‘मला काही झालेलेच नाही’ म्हणत दवाखान्याची पायरीच चढत नसेल, तर टक्केवारी ठरणार कशी? आजाराचे लक्षणच अर्जाच्या आड येते. तो पोहोचला तरी हातापायाने धडधाकट दिसतो. मग खिडकीतून प्रश्न येतो, ‘याला काय धाड भरलीय?’

प्रमाणपत्र बऱ्याचदा तात्पुरते, मुदत संपली की पुन्हा तीच रांग. शिवाय हयातीचा दाखला, आधार, बँक. धारूर किंवा भूमच्या खेड्यातून म्हाताऱ्या आईने बिथरलेल्या मुलाला एसटीत बसवून जिल्ह्याच्या गावी न्यायचे, म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि स्टँडवर तमाशा होतो तो वेगळाच. घर ऊसतोडीला गेलेले असताना पडताळणीची नोटीस आली, तर वाचणार कोण? (केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर 80 टक्के लागतात!)

मानसिक आजाराची पडताळणी घरी जाऊन व्हावी. कोणाच्या घरात काय चालले आहे, हे आशाताईंना ठाऊक असते. त्यांचा अहवाल ग्राह्य धरावा. अर्जावर आईची किंवा भावाची सही चालावी. अपंगत्व तपासणीचे शिबिर मानसोपचारतज्ज्ञासह तालुक्यालाच भरावे. आणि घरी कोणी येऊन पाहिल्याशिवाय कुणाचेही अनुदान थांबवू नये.

— एक वाचक, अंबाजोगाई