रेडिओ अजून देऊ नका

मिल्टन कीन्स,
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. तब्येत उत्तम आहे, खोकला गेला, नोकरी आहे. यंदा बोनस कुणालाच मिळाला नाही, तेव्हा माझ्याच कामात काही खोट निघाली असं बाबांनी समजू नये. पत्र एवढ्यासाठीच की व्हिडिओ कॉलवर आई माझं बोलणं ऐकायच्या आधी तोंड वाचते आणि मुद्द्याचं राहून जातं.

परवा आईने विचारलं, "मागे भिंतीशी ते दोन पेटारे असायचे, ते दिसत नाहीत?" मी म्हणालो, कॅमेरा फिरवलाय. कॅमेरा तिथेच आहे. पेटारे विकले. दोन्ही. फेब्रुवारीत.

बाबा म्हणतील, बरं झालं, धूळ खात होते. खात नव्हते, बाबा. मोठा होता तो व्हॉक्स कंपनीचा एसी-३०, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प, १९६३ चा, केंट परगण्यात डार्टफर्डला बनलेला. आत १२ इंची दोन निळे स्पीकर आणि वजन ३० किलोच्या आसपास. क्वीन बँडचा ब्रायन मे याच जातीच्या ॲम्पवर आयुष्यभर वाजवत आलाय. आईला क्वीन माहीत नसेल, पण त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेतला. १९५८ मध्ये तिथेच त्याने वर्गातल्या पोरांना घेऊन पहिला बँड काढला. त्याच वर्षी व्हॉक्सचा एसी-१५ आला, म्हणजे माझ्या पेटाऱ्याचा भाऊ, वयाने थोरला आणि ताकदीने निम्मा. एकूण काय, अगदीच परक्याघरची वस्तू नव्हती.

(ॲम्प बनवणाऱ्या मार्शल कंपनीचा कारखाना याच गावात, ब्लेचलीला आहे. जिम मार्शल मुळात ड्रम वाजवणारा आणि शिकवणारा. अमेरिकन ॲम्प इथे फार महाग पडायचे, म्हणून १९६२ मध्ये त्याच्या लंडनच्या दुकानातल्या माणसांनी फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बासमन ॲम्पचं सर्किट समोर ठेवून आपला पहिला ॲम्प बांधला. इथे राहून व्हॉक्ससाठी गळा काढणं शोभत नाही, पण काढतोय.)

आता का विकले. त्यासाठी इथली एक पद्धत समजावून सांगावी लागेल, कारण मलाच ती समजायला दोन महिने लागले. माझ्या आणि शेजारच्या आजींच्या घराची भिंत एकच आहे. दर मंगळवारी आम्ही कचऱ्याचे डबे एकाच वेळी बाहेर काढतो, हवेबद्दल बोलतो, हसतो. एके दिवशी दाराच्या फटीतून लिफाफा पडला. आत फुलांचं चित्र असलेलं कार्ड. मजकूर असा, की तुम्ही इतक्या आवडीने वाजवता हे ऐकून फार छान वाटतं, रविवारी संध्याकाळी तर आम्हाला अगदी प्रत्येक सूर ऐकू येतो. मी खूश. ऑफिसात दाखवलं तर सहकारी म्हणाला, अरे, ही तक्रार आहे. मी म्हटलं, कुठे आहे? तो म्हणाला, "प्रत्येक सूर". मग मी माफीचं कार्ड त्यांच्या फटीतून टाकलं. त्यावर आभाराचं कार्ड आलं. आभाराच्या कार्डाला उत्तर द्यायचं असतं का हे विचारण्यात आणखी दोन दिवस गेले. एकूण पाच कार्डं झाली आणि या सगळ्या काळात मंगळवारी डब्यांपाशी आम्ही फक्त हवेबद्दल बोललो! भिंतीवर थाप मारली असती तर मिनिटात मिटलं असतं.

तर कारण हे. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या नळ्यांचा ॲम्प हळू आवाजात नुसता सभ्य वाटतो. आवाज वाढवून व्हॉल्व्हना पुरतं कामाला लावलं की सूर फाटायला लागतो, आणि ते फाटणं गोड लागतं. ३० वॅट म्हणजे त्या हिशोबाने छोट्या सभागृहाचा ऐवज, एका भिंतीच्या घराचा नव्हे. मध्ये लावून आवाज खाली आणणारं ॲटेन्युएटर नावाचं यंत्र मिळतं, नाही असं नाही. पण ते असो.

आईला वाटायचं, जुनी विजेची वस्तू, शॉक बसेल. आई, मी एकदाही तो उघडला नाही. आत ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात, हे मला ठाऊक होतं. उघडायचे ते इथले एक निवृत्त गृहस्थ. त्यांनीच एकदा एसी-३० मधला एक थकलेला व्हॉल्व्ह काढून माझ्या हातात ठेवला, म्हणाले, हा तुमच्याकडचा दिसतो. काचेवर पुसट अक्षरं होती, बीईएल, इंडिया. आपलं बंगळूरचं भारत इलेक्ट्रॉनिक्स! माझ्याही आधी येऊन इथे नोकरी करत होता. तो मी मोज्यात गुंडाळून ठेवलाय. विकताना दिला नाही.

मोठ्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, खरंच. वाईट वाटतं ते धाकट्याचं. तो फेंडर चॅम्प होता, अमेरिकेचा, १९७० च्या दशकातला, जेमतेम ५ वॅटचा, ८ इंची एकच स्पीकर. त्याला इथली वीज चालत नसे, म्हणून वेगळा ट्रान्सफॉर्मर लावायचो आणि तो सारखा गुणगुणत बसायचा. कॅलिफोर्नियात फुलर्टनला लिओ फेंडर आधी रेडिओ दुरुस्त करायचा. चॅम्पच्या पाठीमागून डोकावलं की ते लगेच कळतं. ६व्ही६ नावाचा एकच पॉवर व्हॉल्व्ह, आणि हाच त्या काळच्या कितीतरी रेडिओंतही असायचा. बटण दाबलं की लाल दिवा लगेच लागायचा, पण आवाज नाही. अर्धा मिनिट थांबायचं. मग हळूच सूं सुरू व्हायचं आणि तापलेल्या धुळीचा वास यायचा. आजोबांच्या मर्फी रेडिओचा वास, आई. तोच. ते बटण फिरवून पाठ टेकून बसायचे आणि रेडिओवरचा हिरव्या दिव्याचा डोळा उघडेपर्यंत कुणाला बोलू द्यायचे नाहीत, आठवतं ना? मी ऑफिसातून आल्यावर कितीदा तरी गिटार न घेताच चॅम्प लावून बसायचो.

आणि तोच मी फुकटात घालवल्यासारखा घालवला. मोठा न्यायला एक बाप-लेक आले होते. बापाने टॉर्च घेऊन पाठीमागून सगळं नीट बघितलं, मुलगा नुसता हात फिरवत होता. जाता जाता त्याने कोपऱ्यात बोट दाखवलं, तो पण विकायचाय का? मी नाही म्हणायच्या ऐवजी आकडा म्हणालो. तोंडातून निघाला. दोघांनी उचलून गाडीत ठेवला, बापाने पट्टासुद्धा बांधला. तीन आठवड्यांनी मी निरोप पाठवला, छोटा परत द्याल का, जास्त पैसे देईन. उत्तर फार नम्र आलं. मुलाने तो पलंगाशेजारी ठेवलाय, रोज वाजवतो, माफ करा. यावेळी मला अर्थ विचारायला कुणाकडे जावं लागलं नाही.

मी गिटार सोडली असं मात्र समजू नका. डब्याएवढं एक डिजिटल यंत्र घेतलंय. त्यात एसी-३० पण आहे, चॅम्प पण आहे, कानाला हेडफोन लावून रात्री दोनलाही वाजवता येतं. आवाज जवळपास तोच, डोळे मिटले तर मलाही फरक सांगता येणार नाही. फक्त ते बटण दाबताक्षणी वाजतं.

आता कामाचं. मनूच्या हॉलचे आणि दागिन्यांचे जे पैसे पाठवले ते परत करण्याची भाषा बाबांनी पुन्हा काढू नये. बोनसचेच होते, मला इथे काही कमी पडलेलं नाही. मांडववाल्याला आगाऊ द्यायचे असतील तर आकडा कळवा, संकोच करू नका. मनूला सांगा, तिकीट काढलंय, चार दिवस आधी पोचतो, सामान उचलायला मी आहे. आईने पाठवलेला फोटो बघितला. मुलगी छान आहे, नाही म्हणत नाही, पण मनूचं होऊ दे, मग बोलू. आणि तिच्या घरी सांगताना माझ्याकडे स्वतःचं घर आहे असं सांगू नकोस, भाड्याचं आहे.

आणि आई, रंगकामाआधी माळा रिकामा करताना आजोबांचा रेडिओ भंगारवाल्याला देणार म्हणालीस, तो देऊ नकोस. निदान मी येईपर्यंत नको. जागा अडते हे मला कळतं. माझ्या खोलीत ठेव, मी बाहेर झोपेन.

तुमचा,
बंड्या

ता. क. बाबा, रेडिओची मागची पुठ्ठ्याची पाटी काढून आतल्या व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा आणि फोटो पाठवा. प्लगला मात्र अजिबात लावू नका, इतकी वर्षं पडून राहिल्यावर आतले कपॅसिटर सुकलेले असतात, लावलात तर ट्रान्सफॉर्मरही जळू शकेल. एखाद्यावर ईएल८४ लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी कळवा, माझ्याकडे मोज्यात तसाच एक आहे.