जंतूचं औषध आणि कोलेस्टेरॉलची गोळी

कोल्हापूर

चि. अमितास अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही रिपोर्ट पाहिले. श्वासाच्या तपासणीत एच. पायलोरी हा जठरातला जंतू निघाला आणि रक्तात एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३४. जंतू गेला की कोलेस्टेरॉलही सुधारेल का, असं तू विचारलंस. थोडंफार सुधारू शकतं, पण त्यावर विसंबू नकोस. हा जंतू जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षं बारीक दाह धुमसत ठेवतो आणि दाहामुळे शरीरातलं चरबीचं गणित बिघडतं. म्हणून जंतू असलेल्यांत एचडीएल कमी आढळतं. उपचारानंतर ते किंचित वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, याबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. तेव्हा उपचार घ्यायचा तो अल्सर टाळण्यासाठी आणि पुढचा जठराच्या कॅन्सरचा धोका कमी करण्यासाठी.

मला खरी काळजी आहे ती जंतूच्या औषधांच्या या चौदा दिवसांच्या कोर्सची. तुझ्या चिठ्ठीत क्लॅरिथ्रोमायसिन ५०० हे जंतू मारणारं औषध आहे आणि रात्री तू कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, अॅटोरव्हास्टॅटिन ४०, घेतोस. अॅटोरव्हास्टॅटिन मोडून काढणारं यकृतातलं एन्झाइम क्लॅरिथ्रोमायसिन अडवून धरतं. मग गोळी तीच, पण रक्तातलं प्रमाण कितीतरी पट चढतं. त्यातून स्नायू दुखतात, क्वचित ते विरघळू लागतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मांड्या-खांदे विनाकारण दुखले किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. पोटाच्या डॉक्टरांना तुझी रात्रीची गोळी माहीत नसेल, म्हणून कोर्स सुरू करण्याआधीच त्यांना सांग. ते चौदा दिवस ती थांबवतील, डोस कमी करतील किंवा या वाटेनं न मोडणारी रोसुव्हास्टॅटिन देतील. स्वतःच्या मनानं काही ठरवू नकोस. सिमव्हास्टॅटिन असती तर क्लॅरिथ्रोमायसिनसोबत ती घेताच आली नसती.

घेण्याची पद्धत अशी: पोटातलं आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल ४० सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी अर्धा तास. अॅमॉक्सिसिलिन १ ग्रॅम आणि क्लॅरिथ्रोमायसिन ५०० दोन्ही वेळा जेवणानंतर. अॅमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच कुळातलं, म्हणून पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधीच सांगायचं. तोंड कडवट होईल, पोट थोडं बिघडेल, तरी मध्येच सोडू नकोस. चुकलेल्या गोळ्या आणि क्लॅरिथ्रोमायसिनला सरावलेले जंतू, यांमुळेच कोर्स फसतात. फसला तर तोच कोर्स पुन्हा करत नाहीत. तेव्हा बहुधा बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल देतात. बिस्मथनं शौच काळं होतं, घाबरायचं नाही. टेट्रासायक्लिनच्या वेळी मात्र गंगावेशीचं धारोष्ण दूध बंद, कारण दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगात शोषलं जात नाही.

कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी. त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल बंद हवं, नाहीतर जंतू असूनही तपासणी खोटी निगेटिव्ह येते.

लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, लगेच करू नकोस. स्टॅटिन दोन आठवडे बंद राहिली तर एलडीएल आपसूक चढतं, आणि तुला वाटेल की जंतूच्या औषधानं ते वाढलं. गोळी पुन्हा सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, बारा तास उपाशीपोटी कर.

आणखी एक. पोट शांत झालं की भूक उघडते, वजन वाढतं आणि मग एचडीएलचा तो थोडका फायदाही जातो. तांबड्याचा तवंग डोळ्यांना दिसतो, म्हणून माणूस हात आखडता घेतो. पांढरा रस्सा सौम्य वाटतो, पण नारळाच्या दुधातली संपृक्त चरबी एलडीएल वाढवते. एक वाटी पुरे, मागून घेऊ नकोस.

शनिवारी घरी येतोस तेव्हा रोजच्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून आण, बीपीची आणि सर्दीचीसुद्धा. सोमवारी डॉक्टरांसमोर त्याच ठेवू.

तुझे
बाबा