मंत्रीमहोदया, माझ्या आईची ती नोंद आधी पुसा

माननीय महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात एका दुकानात बिलिंगला आहे. आई माढा तालुक्यात सीनेच्या काठच्या गावात एकटी राहते. वडील मे 2021 मध्ये कोरोनात गेले. 2024 ला राखीच्या तोंडावर लाडकी बहीण योजनेचे 3000 रुपये आईच्या खात्यात आले तेव्हा तिने मला लगेच फोन केला होता, त्यातून बीपीच्या गोळ्या आणि एक टेबल फॅन घेतला, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण आज लिहितेय ते वेगळ्या कारणाने, योजनेच्या रेकॉर्डला आईच्या नवऱ्याची चुकीची नोंद झालीय.

या संक्रांतीला माझी आई हळदीकुंकवाला गेली नाही. का गेली नाही ते तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

सप्टेंबर 2025 ला या योजनेची तुमची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख तपासणी, सुरू झाली. बाईचा आधार नंबर टाकायचा, तिचा ओटीपी टाकायचा, मग नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर टाकायचा आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी सांगायचा. आई 62 वर्षांची आहे, नवरा नाही, तिचे वडील जाऊन तीस वर्षं झाली. त्याच महिन्यात सीनेला पूर आला, घरात कमरेएवढं पाणी होतं, कागदांची पिशवी आम्ही पत्र्यावर वाळत घातली होती. त्यातून वाचलेलं माझ्या वडिलांचं आधार कार्ड घेऊन ती सेंटरवर गेली, तिथल्या पोराने नंबर टाकला आणि म्हणाला ओटीपी गेला, सांगा. कुठून सांगणार? वडिलांचं सिम आम्ही ते गेले त्याच वर्षी बंद केलं. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो हे ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सुप्रीम कोर्टात सांगितलेलं आहे. मी त्या रात्री वडिलांचा नंबर लावून बघितला, कुणीतरी अनोळखी माणसाने उचलला, मागे लहान पोर रडत होतं. माझ्या वडिलांच्या नावाचा सरकारी ओटीपी त्या माणसाच्या मोबाईलवर गेला होता. मला काही बोलताच आलं नाही, मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ रडत बसले.

आधार देणाऱ्या यूआयडीएआयने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलं की मेलेल्या माणसांचे 2 कोटींच्या वर आधार नंबर बंद केले. मग त्यात माझे वडील का नाहीत? मृत्यूचा दाखला सरकारनेच दिलाय ना? एका खात्याला माहितीय माणूस गेला आणि दुसरं खातं त्याच माणसाचा ओटीपी त्याच्या बायकोकडे मागतंय.

दुसऱ्यांदा गेली तेव्हा सेंटरवाला म्हणाला, मावशी, घरातल्या कुठल्यापण पुरुषाचा टाका, दिराचा चालतोय. आईला वाचता येत नाही. तिने नानांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना बोलावलं, त्यांनी बिचाऱ्यांनी चांगल्या मनाने ओटीपी दिला. पोराने पर्याय निवडला पती. झालं. पन्नास रुपये घेतले. आज तुमच्या रेकॉर्डला माझी आई माझ्या चुलत्याची बायको आहे. माझी चुलती हयात आहे, शेजारच्याच घरात राहते.

हे गावाला कळायला वेळ लागला नाही. कुणीतरी केवायसी अडकलेल्या बायांची यादी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, नाव, मोबाईल नंबर, पतीचं नाव, सगळं उघडं. चारच दिवसांत आईला फोन आला, समोरचा तिचं पूर्ण नाव घेऊन बोलत होता, तुमची केवायसी अडकलीय, ओटीपी सांगा. तिने सांगितला. सरकारनेच दोन महिने ओटीपी सांगा, ओटीपी सांगा करून सवय लावली होती, ती काय वेगळं करणार होती? 3400 रुपये गेले. पण पैशाचं ती एकदाच बोलली. नानांच्या नावाचं मात्र रोज बोलते.

हेरवाड तुम्हाला आठवत असेल. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या त्या गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात तुमच्याच राज्य सरकारने परिपत्रक काढलं की बाकीच्या गावांनी पण तसं करावं. आमच्या गल्लीतल्या बायांनी ते ऐकून पुढच्या संक्रांतीला आईला हळदीकुंकवाला बोलावलं, वाण दिलं, ती स्टीलची वाटी तिने अजून वापरायला काढली नाही. तीन संक्रांती ती गेली. आणि यंदा एका बाईने दारातच विचारलं, आता तर तुमचं कुंकू सरकारनंच लावलंय म्हणे. आई तिथूनच माघारी आली. मला फोनवर म्हणाली, "त्यास्नी जाऊन चार वर्सं झाली, मी कधी मान वर करून चालली नाही गं बाय, आन् हे काय वाट्याला आलं."

1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, हा निर्णय याच राज्याचा आहे आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. मग त्याच राज्याच्या फॉर्ममध्ये बाईला पुरुषाशिवाय पुढेच का जाता येत नव्हतं? बहीण म्हणता ना? भाऊबीजेला ओवाळणी घालताना कुठला भाऊ बहिणीला म्हणतो की आधी नवऱ्याला फोन करून ओटीपी आण? कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का ते बघायचं होतं हे कळतं मला, 14 हजारांवर पुरुष योजनेत घुसले होते तेही वाचलंय. त्यांना पकडा. पण त्यांनी केलेल्या चोरीची झडती माझ्या आईची का?

नंतर तुम्ही सांगितलं की ज्यांना नवरा आणि वडील दोन्ही नाहीत त्यांनी दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यावी, 31 डिसेंबरपर्यंत. मी रजा टाकून गावी गेले आणि दिली. सेविकेकडे गठ्ठा होता, ती तरी काय करणार, तिला पोच द्यायला कागद नव्हता. हा पर्याय पहिल्या दिवशी ठेवायला काय अडचण होती? महाराष्ट्रात विधवा आहेत हे कुणाला माहीतच नव्हतं का? केवायसी सुरू झाली तेव्हा दोन कोटींच्या वर बाया या योजनेत होत्या, प्रत्येकीने सेंटरला पन्नास रुपये दिले असं धरलं तरी 100 कोटी होतात. महिन्याच्या 1500 चे 2100 करू या आश्वासनाचा विषय तर मी काढतच नाही, नुसते वरचे 600 धरले तरी आईचे आठ हजारांच्या वर झाले.

आणि आमची माहिती गावभर फिरली त्याचं काय? सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. लोकांची माहिती जपायचा डेटाचा कायदा 2023 चा, नियम आले नोव्हेंबर 2025 ला, आणि आमच्यासारख्यांच्या उपयोगाची बहुतेक कलमं लागू व्हायची ती त्यानंतर दीड वर्षाने. पण त्याच कायद्याने माहिती अधिकारात जो बदल केला, वैयक्तिक माहिती म्हणून कागद नाकारायचा, तो मात्र लगेच लागू. म्हणजे मी अर्ज टाकून विचारलं की ती यादी बाहेर कुणी दिली, तर अधिकाऱ्याचं नाव वैयक्तिक. माझ्या आईचा नंबर, तिचा नवरा कोण हे मात्र सगळ्या गावाचं. दिल्ली काय आणि मुंबई काय, कागद दाखवायचे ते आम्हीच.

माझं मागणं फार नाही. विधवा, परित्यक्ता, एकट्या राहणाऱ्या बाईला पुरुषाच्या ओटीपीशिवाय केवायसी करता आली पाहिजे. सेंटरवर चुकलेली नोंद बाईला स्वतः दुरुस्त करता आली पाहिजे आणि तिला लेखी पोच मिळाली पाहिजे. याद्या बाहेर देणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला पाहिजे.

आणि आईचे अडकलेले हप्ते उशिरा आले तरी चालतील, मी गोळ्या पाठवते. तिच्या नावापुढचं नानांचं नाव आधी काढा. पुढच्या संक्रांतीच्या आत काढा.

आपली,
माढा तालुक्यातल्या एका विधवा बाईची मुलगी
सध्या मुक्काम पुणे